ओवी, लावणी आणि लग्नाची नोंदवही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात सॉल्ट लेक येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



‘स्त्री, प्रेम आणि विवाह : गीतांत, साहित्यात आणि प्रत्यक्षात’ असा भारदस्त विषय कार्यकारिणीने आमच्यावर सोपविला आहे. आम्ही साहित्याचे अभ्यासक नव्हे. बी. ए. ची पदवी घेतली आणि पुढचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. फायलींनी एक सवय मात्र लावली : कागदावर मजकूर कितीही सुंदर असो, खाली सही कोणाची आहे ते आधी पाहावे. आजचा विषयही आम्ही त्याच नजरेने पाहिला. प्रेम आणि लग्न यांविषयी मराठीत उदंड लिहिले व गाइले गेले. त्यात स्त्रीने स्वतः बोललेले किती, आणि तिच्या नावाने इतरांनी बोललेले किती, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जिच्यावर सही निःसंशय स्त्रीची आहे अशी गोष्ट म्हणजे जात्यावरची ओवी. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असताना, दळणाच्या घरघरीआड ती गाइली गेली. ऐकणारे कोणी नव्हते म्हणून ती खरी राहिली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्याकडून काम सुरू करून खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. हा संग्रह चाळू लागले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी येते. या ओव्यांत प्रेम ओसंडून वाहते. पण ते प्रेम आईवर, माहेरावर, लेकरावर, पंढरीच्या विठोबावर आणि सर्वांत अधिक भावावर. भाऊ केव्हा येईल, भाऊबीजेला काय आणील, त्याची बैलगाडी कोणत्या वळणावर दिसेल, याचे वर्णन करताना ही बाई थकत नाही. नवरा येतो, नाही असे नाही. परंतु बहुधा कुंकवाच्या आणि चुड्याच्या रूपाने येतो. तो असावा, दीर्घायुषी व्हावा, एवढे तिचे मागणे. त्याच्याशी गप्पा मारीत बसल्याचे फारसे कोठे आढळत नाही.

यावरून त्या संसारांत प्रेम नव्हते असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. सासू-सासऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलणेही जिथे आगाऊपणाचे, तिथे ओवीत तरी ते कसे यावे? पण ज्या भावनेसाठी आपण आज सारे विवाहगीत राखून ठेवतो, ती भावना आपल्या पणज्यांनी भावाला वाहिली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. भाऊ हाच तिचा सासरच्या उंबऱ्यापलीकडचा एकमेव आधार होता. जिथे आधार, तिथे गाणे.

पती-पत्नीच्या प्रेमाची उणीव लावणीने भरून काढली असे कोणी म्हणेल. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या काळापासून लावणीतली नायिका बिनदिक्कत बोलते. रुसते, बोलावते, विरहाने तळमळते. मात्र तिचे शब्द बहुतेक पुरुषांनी रचलेले आहेत. आणि ते गाऊन जिने आयुष्यभर पोट भरले, तिच्या वाट्याला लग्न सहसा आलेच नाही. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आले. वडिलांच्या नावाच्या जागी आईचे नाव लावणाऱ्या त्या लेखकाचे पुस्तक वाचून झाले, की फेट्याच्या शिट्ट्यांत रंगलेल्या बैठकीची दुसरी बाजू दिसते. म्हणजे हिशेब असा झाला : ओवीत लग्न आहे, प्रियकर नाही, लावणीत प्रियकर आहे, लग्न नाही. भावगीताने यांची सांधेजोड केली खरी, पण त्याचे तीन-साडेतीन मिनिटांचे आयुष्य बहुधा चांदण्यातच संपते. पाडगावकरांचे शब्द आणि अरुण दाते यांचा स्वर ऐकत आमची पिढी वाढली, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि अक्षता पडल्यानंतर पुढे काय, ते त्या तबकडीवर नव्हते.

आता रंगभूमीकडे वळू. १८९९ साली रंगभूमीवर आलेले गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ आपणांस पाठ आहे. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी जरठ भुजंगनाथाला देऊ निघतो. नाटकाने महाराष्ट्र हलवला, यात शंका नाही. पण एक बारीक गोष्ट पाहावी. ते लग्न मोडते कशाने? शारदेच्या नकाराने नव्हे. वधूवर सगोत्र निघतात म्हणून मोडते! मुलीच्या अश्रूंपेक्षा गोत्राला वजन अधिक, हे देवलांनी जाणून लिहिले की ओघात लिहिले, कोण जाणे. समाजाचे चित्र मात्र तंतोतंत उतरले. १९२९ साली बालविवाह-निर्बंधाचा कायदा झाला आणि तो ‘शारदा कायदा’ म्हणूनच आपल्याकडे रुळला. वास्तविक ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यावरून आलेले. मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा, एवढीच त्याची मजल होती. मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस ही मर्यादा येण्यास १९७८ साल उजाडावे लागले.

‘एकच प्याला’तली सिंधू ही आदर्श पत्नी. १९१९ पासून तिने महाराष्ट्राला रडविले. ती भूमिका गाजवली बालगंधर्वांनी. त्यांचे लुगडे नेसणे, दागिने घालणे पाहून घरंदाज स्त्रिया अनुकरण करीत. आदर्श पत्नी लिहिणारा पुरुष, रंगविणारा पुरुष, आणि धडा घ्यायचा स्त्रियांनी! बालगंधर्वांच्या थोरवीला याने यत्किंचितही बाध येत नाही. आम्ही सही पाहतो आहोत, इतकेच.

मग स्त्रीची स्वतःची सही लग्नाच्या कागदावर प्रथम ठसठशीत उमटली कोठे? आमच्या मते मुंबईच्या हायकोर्टात. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. वयात आल्यावर त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ साली दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. तो अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असे उत्तर दिले. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेस अनेक वर्षे रुग्णसेवा केली. प्रेमाचा शब्द त्या खटल्यात कोठे नाही. पण ज्या ‘हो’ला अर्थ यावा असे आपल्याला वाटते, त्याच्या आधी ‘नाही’ म्हणण्याची सोय असावी लागते, ती या बाईने निर्माण केली.

आणि जिथे ‘हो’ विचारलेच गेले नव्हते, तिथेही पुढे प्रेम रुजले, याची साक्ष स्त्रियांच्या आत्मकथा देतात. हा भाग आम्हाला सर्वांत प्रिय आहे. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे; विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवली होती. त्यांनी पत्नीला शिकविले, आणि त्या शिकण्यापायी घरातल्या बायकांनी तिला किती छळले, ते १९१० सालच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त वाचावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर मराठीतली थोर प्रेमकथा आहे, असे आम्ही धिटाईने म्हणतो. न सांगता घर सोडून जाणारा, भांडणारा, हातचे सारे देऊन टाकणारा कवी नवरा. १८९५ साली त्याने धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या दूर राहिल्या. मग स्वतः विचार करून, आपल्या पायांनी, पुन्हा त्याच्या संसारात गेल्या. तेच त्यांचे खरे लग्न. त्याला मुहूर्त नव्हता की मंगलाष्टके नव्हती. आणि सीमाभागातील आपल्या बेळगावच्या इंदिरा संत! पती ना. मा. संत यांच्यासह त्यांनी १९४० साली ‘सहवास’ हा एकत्र संग्रह काढला. १९४६ साली ते गेले. त्यानंतरच्या जवळजवळ अर्ध्या शतकाच्या कवितेत पत्नीच्या मनातले पतीप्रेम स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने उभे आहे. ओवीने न उच्चारलेले त्यांनी उच्चारले.

हे सारे महाराष्ट्रात झाले. आपण बसलो आहोत कलकत्त्यात. पण या शहराचा आणि आपल्या विषयाचा संबंध जुना आहे. विधवाविवाहाचा १८५६ सालचा कायदा येथल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीचे फळ. त्यांच्या ग्रंथाचा आधार घेऊनच विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत ती चळवळ उभी केली. याच शहरात दहा-अकरा वर्षांची फूलमणी पतीच्या हातून मेली आणि तिच्या खटल्यानंतर १८९१ साली संमतिवय दहावरून बारा झाले. रवींद्रनाथ तरुणपणी, १८७८ साली, मुंबईस आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते. तर्खडकरांची कन्या अन्नपूर्णा विलायत पाहिलेली, सुशिक्षित. तिला त्यांनी ‘नलिनी’ असे काव्यमय नाव दिले. ते प्रकरण तिथेच थांबले. १८८३ साली कवींचे लग्न झाले ते दहा वर्षांच्या मुलीशी, घरच्यांनी पाहून. हुंड्यावर ‘देना पाओना’सारखी जळजळीत कथा लिहिणाऱ्या या महापुरुषाने १९०१ साली आपल्या दोन मुली उजविल्या, त्या दोघीही पंधरा वर्षांच्या आतल्या. सासर सोडून जाणाऱ्या मृणालचे ‘स्त्रीर पत्र’ त्यांनी लिहिले ते १९१४ साली. गीत आणि गृह यांतले अंतर गुरुदेवांनाही चुकले नाही, तर तुमची-आमची काय कथा!

आणि पंडिता रमाबाई. १८७८ साली त्या कलकत्त्यास आल्या. येथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांनी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. नवरा ब्राह्मण नव्हता, मराठी नव्हता. लग्न झाले ते १८७२ च्या विवाह-कायद्याखाली, जिथे वधूवरांना ‘आम्ही हिंदू वा अन्य धर्म मानीत नाही’ असे लिहून द्यावे लागे. दोन वर्षांच्या आत मेधावी वारले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास गेल्या. मराठी मुलगी आणि बंगाली मुलगा, ही गोष्ट सॉल्ट लेकमध्ये अलीकडे सुरू झाली असे समजणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मित्रांनी हे साल टिपून ठेवावे : १८८०.

कारण हा प्रश्न मंडळात वारंवार निघतो. मुली बंगाल्यांत गेल्या की ‘गेल्या’, असा सूर निघतो. गेल्या कोठे? हे अख्खे उपनगर खाऱ्या पाण्याच्या दलदलीत गंगेचा गाळ भरून वसविलेले; येथे पिढीजात रहिवासी कोण आहे? आमचीच मुलगी गेल्या माघात याच वस्तीत दिली. त्या लग्नात आम्ही उभयतांनी एक पाहिले, ते सांगतो. बंगाल्यांत वधूची आई लग्न पाहत नाही, वराची आईही नाही. आपल्याकडे आई नवऱ्याशेजारी बसून कन्यादान करते. सौभाग्यवती म्हणाल्या, मी बसणार. वरपक्षाच्या ज्येष्ठांनी भुवया उंचावल्या, पुरोहितांनी मार्ग काढला. आणि सौभाग्यवती पाटावर बसल्यावर थोड्या वेळाने पाहतो तो विहीणबाईही हळूच येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मुलगा लग्नाला निघताना आईला ‘तुझ्यासाठी दासी आणायला जातो’ असे म्हणतो, ही त्यांची रीत. या बाईंनी मुलाला ते वाक्य म्हणू दिले नव्हते, हे आम्हाला नंतर कळले. निघताना कनकांजली झाली : मुलगी पाठमोरी होऊन आईच्या पदरात तांदूळ टाकते आणि ‘तुझे ऋण फेडले’ म्हणते. आमच्या मुलीने तांदूळ टाकले, शब्द उच्चारले नाहीत. उलुध्वनीच्या गजरात ते कोणाच्या ध्यानी आले नसावे. पदर धरणारीच्या आले.

त्याआधी विवाह-नोंदणीचा कागद झाला होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि वधूवरांची घोषणा. त्या कागदावर मुलीची पत्रिका नाही, रंग नाही. सही तिची लागते. आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेटका सरकारी कागद आम्ही क्वचित पाहिला.

आता आपल्या मंडळाची वधूवर-नोंदवही. कपाटातली जुनी आम्ही मुद्दाम काढून वाचली. नाव, गोत्र, नाडी, उंची, वर्ण, वडिलांचे उत्पन्न, अपेक्षा असे रकाने आहेत. मुलींच्या पानांवरचे अक्षर बहुतेक वडिलांचे. कोठे मामाचे, एके ठिकाणी तर शेजाऱ्याचे. ‘अपेक्षा’ या रकान्यात सर्वत्र एकच वाक्य : निर्व्यसनी व सुस्थितीतील. इतक्या मुलींना अगदी एकच एक अपेक्षा असावी, हे आम्हाला पटले नाही. तेव्हा कार्यकारिणीच्या अनुमतीने आजपासून नवी वही घातली आहे. तिच्यात ज्याचे नाव, त्याचेच अक्षर. पालकांनी लिहिलेले पान नोंदले जाणार नाही. शेवटी एक रकाना वाढविला आहे : ‘अद्याप लग्न करावयाचे नाही.’ वही दाराजवळच्या टेबलावर चिटणीसांपाशी आहे, पेनही तेथेच बांधून ठेवले आहे. चहापानानंतर मुलींनी आणि मुलांनी ती पाहावी. पालकांनी कृपया तोवर चहाकडे लक्ष द्यावे.