चंडोल की तिरचिमणी? माळावरचे दोन मातकट गायक

आजच्या भागात दोन पक्षी आहेत, आणि दोन्ही आपल्या पायाखालचे. केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावाबाहेर, बालाघाटच्या माळावर, ढेकळाच्या रंगाचं काहीतरी तुरुतुरु पळतं. आपण म्हणतो, "चिमणी असेल." बरेचदा तो चंडोल असतो, नाहीतर तिरचिमणी.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, दोघांचाही मातीचाच. चोच बघा. चंडोलाची जाडसर; तो किड्यांबरोबर बियाही खातो. तिरचिमणीची बारीक, किडे टिपायला. ती अंगानं सडपातळ, उभी चालते आणि शेपूट खालीवर हलवते. उडाली की शेपटीच्या कडांची पांढरी पिसं दिसतात. आपल्याकडच्या साइक्सच्या चंडोलाला डोक्यावर तुरा असतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यात हा चंडोल पहिल्यांदा नोंदला गेला.

आता गाणं. माळावर उंच झाडं कमी, मग गायला बसणार कुठं? दोघंही हवेत गातात. चंडोल वर चढतो, फडफडत तिथंच राहतो आणि बराच वेळ गातो. मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो. तिरचिमणीचं काम थोडक्यात: वर जायचं आणि उतरताना एकच बारीक सूर पुन्हापुन्हा म्हणायचा.

इतकं सारखं दिसूनही कुळं वेगळी. तिरचिमणी धोबी पक्ष्याच्या कुळातली. शेपूट हलवायची सवय दोघांची सारखी. आणि गंमत म्हणजे जनुकांवरून पाहिलं तर ती चंडोलापेक्षा आपल्या घरच्या चिमणीला जवळची. नाव ठेवणाऱ्यानं बरोबर ठेवलंय म्हणा की! मग सारखेपणा आला कुठून? उघड्या जमिनीवर राहायचं, तर लपायला मातीचाच रंग लागतो. गरज एक, म्हणून रूपही एकसारखं झालं.

घरटंही दोघांचं जमिनीवरच, गवताच्या बुडाशी, वाटीएवढं. कागदावर या माळाला आपण 'पडीक' म्हणतो. मग त्यावर रोटाव्हेटर फिरतो, नाहीतर झाडं लावायला खड्डे खणले जातात. हेतू चांगला असतो, पण या दोघांना झाडं नकोत, गवत हवं.

तेव्हा शेतकरी मित्रांनो, एवढं करा. बांधाकडेला एखादा पक्षी चोचीत किडा धरून एकाच जागी घुटमळताना दिसला, तर पिल्लं तिथंच आहेत समजा. हातभर जागा सोडा, दोनेक आठवडे. पिल्लं तेवढ्यात घरटं सोडतात.

तुमच्या माळावर कोण दिसतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.