परतीची शिदोरी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षकाचा व्यवसाय माणसांच्या गर्दीतला असूनही एकाकी आहे. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत त्याच्याभोवती मुलांचा मेळा असतो. परंतु त्याच्या पाठाचे मर्म जाणणारा, त्यातील उणे-अधिक सांगणारा समव्यवसायी त्याच्या वर्गात क्वचितच पाऊल टाकतो. वकील न्यायालयात दुसऱ्या वकिलाचा युक्तिवाद ऐकतो, गवंडी दुसऱ्या गवंड्याची भिंत येता-जाता पाहतो. शिक्षक मात्र अध्यापक विद्यालयातून बाहेर पडल्यावर दुसऱ्याचा पाठ पाहण्यास बहुधा मुकतो. हे एकाकीपण दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे शिक्षकांनी परस्परांकडे जाणे होय. पाकिस्तानातील शिक्षकांनी परदेशी विद्यापीठांत जाऊन केलेली व्यावसायिक देवाणघेवाण हे त्याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. ते आज येथे मांडावयाचे आहे.

पाकिस्तानचेच उदाहरण का, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, त्या शिक्षकाचे प्रश्न येथील शिक्षकाला समजावून सांगावे लागत नाहीत. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीत १८५५ साली सुरू झालेली, सिंधमधील पहिली सरकारी शाळा म्हणून ओळखली जाणारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव धारण करून उभी आहे. वैद्य हे त्या काळी सिंधमधील शिक्षणखात्याचे उपनिरीक्षक होते. व्यापाऱ्यांच्या वापरातील खुदाबादी लिपीला शाळोपयोगी रूप देण्याच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आजच्या विस्तार अधिकाऱ्याच्या जातकुळीचाच हा मनुष्य होता. देश दुभंगला, राज्यव्यवस्था निराळ्या झाल्या. पण एका शिक्षकाने दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणे, मुलाच्या घरची भाषा एक व पुस्तकाची भाषा दुसरी असणे, या अडचणी सीमेच्या दोन्ही बाजूंस सारख्याच राहिल्या. गिलगिटच्या खोऱ्यातील मूल शिना किंवा बुरुशास्की बोलत शाळेत येते आणि समोर उर्दू अथवा इंग्रजी पुस्तक पाहते. मेळघाटातील कोरकू मुलापुढे मराठी पुस्तक ठेवणाऱ्या शिक्षकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

या देवाणघेवाणीचा पहिला कालखंड संस्थांच्या उभारणीचा होता. १९५९ साली ढाका विद्यापीठात शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाली. ढाका त्या वेळी पूर्व पाकिस्तानात होते. १९७१ नंतर ते बांगलादेशाची राजधानी झाले. या संस्थेला अमेरिकेतील ग्रीली येथील कोलोरॅडो स्टेट कॉलेजचे साहाय्य लाभले. पुढच्याच वर्षी, १९६० साली, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंडियाना विद्यापीठाच्या सहकार्याने तशीच संस्था निघाली. या दोन्ही संस्था आजही चालू आहेत. बाहेरून आलेले साहाय्य ज्या वेळी स्वतःच्या भूमीत मूळ धरते, त्या वेळीच ते टिकते, हा पहिला धडा येथे मिळतो.

दुसरा प्रकार शिक्षकांना थोड्या काळासाठी परदेशी विद्यापीठात नेण्याचा. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात प्लिमथ नावाचे लहानसे गाव आहे. तेथील विद्यापीठात पाकिस्तानी शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक व शिक्षक-प्रशिक्षक यांच्यासाठी शैक्षणिक नेतृत्वाचा उन्हाळी वर्ग २००४ साली सुरू झाला. त्याचा खर्च अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने उचलला. हे विद्यापीठ मुळात १८७१ साली निघालेले अध्यापक विद्यालय होय. रॉबर्ट फ्रॉस्ट हा पुढे जगप्रसिद्ध झालेला कवी १९११-१२ या वर्षी येथेच भावी शिक्षकांना शिकवीत असे. १९३९ साली त्याचे अध्यापक महाविद्यालय झाले, आणि विद्यापीठ हे नाव त्याला २००३ साली मिळाले. शिक्षक घडविणे हेच ज्या संस्थेचे मूळ कुळ, तेथे दूर देशीच्या शिक्षकांनी यावे, हे उचितच म्हटले पाहिजे.

वर्ग उन्हाळ्यात ठेवण्याचे कारण उघड आहे. पाकिस्तानातील बहुतेक शाळांना त्या काळात सुट्टी असते, त्यामुळे शिक्षक मोकळे होतात. परंतु त्याच काळात अमेरिकेतील शाळाही सुट्टीवर असतात. म्हणजे चांगली शाळा पाहावयास गेलेल्या पाहुण्याला शाळेचे नेहमीचे कामकाज पाहावयास मिळणे अवघड! पाहुण्यांच्या वाट्याला प्रामुख्याने येते ती चर्चा, वाचन, प्रात्यक्षिक आणि समव्यवसायींचा सहवास. ही उणीव कोणाला मोठी वाटेल. पण तिच्यात एक लाभही दडलेला आहे. परक्याचा सजलेला वर्ग पाहून माणूस त्याचे अनुकरण करू लागतो. तो वर्ग डोळ्यांपुढे नसला म्हणजे स्वतःच्या वर्गाचा विचार करणे भाग पडते. पेशावर, क्वेट्टा आणि कराची येथील शिक्षक स्वतःच्या देशात एका टेबलाशी सहसा बसत नाहीत. ते हजारो मैल दूर जाऊन एकत्र बसतात आणि एकमेकांची शाळा एकमेकांना सांगतात. परदेशवारीचा हा लाभ यजमानाच्या व्याख्यानांहून कमी मोलाचा नाही.

पाहण्याजोगे तेथे पुष्कळ आहे. न्यू हॅम्पशायरमधील अनेक गावांत दरवर्षी साधारण मार्च महिन्यात मतदार एकत्र येतात आणि शाळेच्या अंदाजपत्रकावर स्वतः मत देतात. शिक्षकांच्या वेतनाला किती, इमारतीच्या दुरुस्तीला किती, याचा हिशेब गावापुढे मांडावा लागतो. शाळा सरकारची नसून गावाची आहे, ही भावना अशा सभेत प्रत्यक्ष दिसते. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक सह्यांपुरती उरते की काय, अशी चिंता ज्याला आहे, त्याने हे अवश्य ध्यानी घ्यावे.

परंतु याच नाण्याची दुसरी बाजूही आहे. तेथील शाळांचा खर्च मोठ्या अंशी गावच्या मालमत्ता-करातून चालतो. म्हणून श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची शाळा गरीब, असा भेद पडतो. क्लेअरमाँट आणि इतर गावांच्या शाळांनी या अन्यायाविरुद्ध दाद मागितली. पुरेसे शिक्षण देण्याची जबाबदारी राज्याची आहे असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले, आणि १९९७ साली करपद्धतीच घटनाबाह्य ठरविली. तरीही तो वाद तेथे पुरता मिटलेला नाही. तात्पर्य, यजमानाच्या घरातही न सुटलेले प्रश्न असतात. हे ज्या पाहुण्याला दिसते तो दिपून जात नाही, आणि ज्या यजमानाला ते सांगण्याचा संकोच वाटत नाही तोच खरी देवाणघेवाण करू शकतो. पाहुण्याच्या देशातही हक्क आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहेच. पाकिस्तानने २०१० साली घटनादुरुस्ती करून ५ ते १६ वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. त्यानंतरही लक्षावधी मुले शाळेबाहेर आहेत. दोन्ही बाजूंनी आपापले उणे मांडले, तरच बोलणे बरोबरीचे होते.

आता सर्वांत कठीण भागाकडे वळले पाहिजे. तो भाग परतीच्या प्रवासानंतर सुरू होतो. महिनाभर नव्या विचारांत वावरलेला शिक्षक आपल्या शाळेत येतो तेव्हा वर्गातील मुले तीच असतात, फळा तोच असतो आणि सहकारी जरा संशयाने पाहत असतात. अशा वेळी एका शिक्षकाने पाचांना शिकवावे, पाचांनी पंचविसांना, अशी योजना कागदावर आखली जाते. पण पाटाचे पाणी पहिल्या वाफ्यात साचते आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो, हा शेतकऱ्याचा अनुभव प्रशिक्षणालाही लागू पडतो.

यावर विचारपूर्वक उपाय कराचीतच योजला गेला. आगाखान विद्यापीठाने १९९३ साली तेथे शिक्षण-विकास संस्था स्थापन केली आणि ऑक्सफर्ड व टोरोंटो या विद्यापीठांचे साहाय्य घेतले. येथे दिशा उलटी झाली. प्राध्यापक परदेशातून कराचीत येऊ लागले आणि शिक्षक आपल्याच भागातील शाळांत जाऊन अभ्यास करू लागले. निवडक शिक्षकांना दोन वर्षांचे उच्च शिक्षण मिळे. त्यानंतर त्यांनी काही काळ स्वतःच्या शाळेत आणि काही काळ संस्थेत काम करावे, अशी व्यवस्था होती. संस्थेत ते इतर शाळांतून आलेल्या शिक्षकांचे आठ आठवड्यांचे वर्ग चालवीत. पुढे १९९९ साली गिलगिट येथे आणि २००३ साली चित्रळ येथे केंद्रे निघाली आणि प्रशिक्षण डोंगरातील शाळांच्या दारापर्यंत गेले. शिकलेला शिक्षक एकटा पडू नये आणि त्याने आपला वर्गही सोडू नये, ही दोन्ही सूत्रे या योजनेत सांभाळली गेली.

या सूत्रांचे महत्त्व अलीकडे अधिकच स्पष्ट झाले आहे. पाकिस्तानी विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी अमेरिकी विद्यापीठांत नेणारी एक योजना १५ वर्षे चालून एप्रिल २०२५ मध्ये बंद करण्यात आली. अनेक देशांतील शिक्षणकार्याला पैसा पुरविणाऱ्या अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेने १ जुलै २०२५ पासून परदेशी साहाय्याचे काम थांबविले. दुसऱ्याच्या तिजोरीवर चालणारा उपक्रम त्या तिजोरीबरोबरच मिटतो. उरते ते शिक्षकाच्या हातात आणि सवयीत उतरलेले शिक्षण. ते कोणाला परत मागता येत नाही.

येथील प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला परदेशी विद्यापीठाचे निमंत्रण क्वचितच येईल. परंतु या साऱ्या कथेतील जो भाग खरोखर फलदायी ठरला त्याला पारपत्र लागत नाही. दोन कोसांवरील शाळेतील शिक्षकाचा एक पाठ पूर्ण बसून पाहावा. पाहताना गुणदोषांची यादी न करता मुलांनी कोणते प्रश्न विचारले व कोणते मूल गप्प राहिले, एवढेच टिपावे. परतल्यावर नवी अशी एकच गोष्ट आपल्या वर्गात महिनाभर नेटाने करावी, आणि पुढील शिक्षण परिषदेत ती साधली की फसली हे सरळ सांगावे. ज्याचा पाठ पाहिला त्याला आपल्या वर्गात बोलवावे, म्हणजे व्यवहार एकेरी राहणार नाही. केंद्रप्रमुखांनी अशा भेटींसाठी वेळापत्रकात जागा काढून द्यावी आणि मागे राहिलेल्या वर्गाची सोय लावावी. कारण मुलांचा दिवस वाया घालवून मिळविलेले प्रशिक्षण महागच पडते.

दूरच्या यात्रेला निघालेल्या माणसाला घरचे लोक शिदोरी बांधून देतात. शिक्षकाच्या प्रवासात मात्र शिदोरी परतताना बांधावयाची असते, आणि ती सोडावयाची असते ती स्वतःच्या वर्गातील मुलांपुढे. तिच्यात एकच भाकर असली तरी चालेल. ती मुलांच्या मुखी पडली म्हणजे प्रवास सार्थकी लागला.