मुकें जनावर आणि माणसाची शर्यत

शर्यतीच्या मैदानावर दोन प्रेक्षक शेजारीं शेजारीं उभे असतात, एकच देखावा पाहतात, आणि दोघांचीं मतें अगदीं विरुद्ध होतात. बैलजोडी मान ताठ करून सुटली, कीं एक म्हणतो, "पाहा, किती हौसेनें पळतात!" दुसरा म्हणतो, "हौस कसली? मागें पराणी आहे म्हणून पळतात." दोघांच्याहि प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. अडचण एवढीच, कीं ज्याच्याविषयीं वाद चालला आहे तो बोलत नाहीं. त्याच्या वतीनें दोन्ही पक्षांचे वकील तावातावानें बोलतात. वकीलपत्र मात्र कोणासच मिळालेलें नसतें.

हा वाद जगभर मुख्यतः घोड्यांच्या निमित्तानें चालतो. मालवणच्या किनाऱ्यास घोडा हा घरचा प्राणी कधींच नव्हता. जांभ्याचा कातळ, उतरणीच्या पाणंदी, चार महिन्यांचा पाऊस आणि खाजणांतील चिखल, अशा मुलखांत घोड्यास ना पुरेसा चारा ना धड वाट. आचरें, मसुरें, पेंडूर, कट्टा ह्या बाजूच्या गांवांतून शेतकऱ्याचा खरा सोबती म्हणजे बैल, आणि जोडीला रेडा. पावसानें कुणगे भरले, कीं जोत घेऊन त्यांत उतरावयाचें, आणि बलिप्रतिपदेस त्याच गुरांस न्हाऊं घालून ओवाळावयाचें, हा येथील रिवाज. तेव्हां घोड्याविषयींचा प्रश्न येथें बैलाच्या रूपानें उभा राहतो, आणि तो तीन ठिकाणीं उभा राहतो. एक, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या भागांत पावसाळ्यांत होणाऱ्या चिखलांतील नांगरणीच्या स्पर्धा. दुसरें, बैलगाड्यांच्या शर्यती. आणि तिसरें, बैलांच्या झुंजी. तिन्ही ठिकाणीं बैल तोच, पण न्याय एकच लावून चालणार नाहीं.

प्रथम मालकाचें म्हणणें ऐकावें. तो म्हणतो, कीं शर्यतीचा बैल मुलासारखा वाढविला जातो. उडीद, कणीक, दूध, अंडीं, जें घरांतल्या पोरांस मिळत नाहीं तें त्यास मिळतें. मैदान जवळ आलें, कीं तो स्वतःच खूर आपटूं लागतो. धावणें त्याच्या रक्तांतच नसतें, तर दावें सोडतांच वासरूं शेपटी उभारून अंगणभर कां हुंदडलें असतें? हें म्हणणें निव्वळ थाप नव्हे. गुरांचीं पिल्लें खेळ म्हणून धावतात, हें प्राणिशास्त्रासहि मान्य आहे. पुणें जिल्ह्यांतील घाटांच्या शर्यतींत गाड्यापुढें स्वार बसलेली घोडी पळविली जाते, आणि बैल तिच्या मागोमाग झेपावतात. पुढें जाणाऱ्याच्या मागें जाणें हा कळपांत राहणाऱ्या प्राण्याचा स्वभावच आहे.

आतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. तो विचारतो, कीं एवढी हौस असेल तर वेसण कशास, आसूड कशास, शेपटी पिरगळणें कशास? ह्याच प्रश्नानें हा वाद न्यायालयांत नेला. २०११ सालीं केंद्र सरकारनें, ज्यांच्याकडून खेळ करवून घेण्यास मनाई आहे अशा प्राण्यांच्या यादींत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तमिळनाडूंतील जलीकट्टू आणि महाराष्ट्रांतील बैलगाडी शर्यत हीं दोन्ही बंद केलीं. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठीं घडलेली नाहीं, आणि मैदानावर तो पळतो तो भयानें पळतो, असा त्या निकालाचा आशय होता. २०१७ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशानें शर्यतींस पुन्हां वाट मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र ह्या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. ह्या परवानगीबरोबर बंधनेंहि आलीं. अंतर एक हजार मीटरांपेक्षां अधिक असूं नये, काठी, चाबूक, टोंचणी, विजेचा धक्का ह्यांपैकीं कांहींहि वापरूं नये, पशुवैद्यानें बैल तपासावे. आणि जनावरास क्लेश दिल्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

कायद्यानें पराणी हातांतून काढून घेतली. पण त्यामुळें मूळ प्रश्न सुटला असें नव्हे. तो फक्त अधिक स्पष्ट झाला. पराणी नसेल, तर बैल पळेल काय? आणि पळाला, तर तो खुशीनें पळाला असें म्हणतां येईल काय?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास घोड्यांकडे वळावें लागतें, कारण शास्त्रीय निरीक्षण त्यांचेंच अधिक झालें आहे. ऑस्ट्रेलियांत सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनीं घोड्यांच्या शर्यतींतील वेग आणि चाबकाचे फटके टप्प्याटप्प्यानें मोजून २०११ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. घोड्यांचा वेग सर्वांत अधिक होता तो शेवटून ६०० ते ४०० मीटरांच्या टप्प्यांत, जेथें चाबूक चाललाच नव्हता. पुढें घोडे दमूं लागले, वेग उतरूं लागला, आणि तेव्हां फटके सुरू झाले. फटक्यांनीं वेग वाढल्याचें आढळलें नाहीं. म्हणजे चाबूक पडत होता तो धावूं न इच्छिणाऱ्या घोड्यावर नव्हे, तर धावून दमलेल्या घोड्यावर. नॉर्वेनें १९८२ सालापासून शर्यतींतील चाबकावर कडक बंधनें घातलीं. तेथल्या शर्यती त्यामुळें बंद पडल्या नाहींत. सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं ग्रीक सेनानी झेनोफन ह्यानें अश्वविद्येवर लिहितांना, मारून करवून घेतलेल्या चालींत शोभा नसते, असेंच मत दिलें होतें. तेव्हां चाबकावांचून जनावर पळत नाहीं, ही समजूत टिकण्यासारखी नाहीं.

परंतु एवढ्यावरून मालकाचा पक्ष जिंकला असेंहि होत नाहीं. इंग्लंडांत एन्ट्री येथें उंच अडथळ्यांवरून उड्या मारण्याची मोठी शर्यत होते. तींत कित्येक स्वार पडतात, आणि स्वार पडलेला घोडाहि इतरांबरोबर पळत राहतो. पाहणारास वाटतें, केवढी ही हौस! पण असा मोकळा घोडा पुढें अडथळा आला, कीं पुष्कळदां बाजूनें वळसा घालून निघून जातो. धावणें हें त्याचें स्वतःचें असतें. उडी ही माणसाची असते. एकाच जनावराच्या एकाच धांवेंत खुशी आणि सक्ति अशीं शेजारीं शेजारीं नांदतात, हें ह्या उदाहरणावरून दिसून येतें.

शिवाय सक्ति ही नेहमीं डोळ्यांस दिसतेच असेंहि नाहीं. घोड्यास किंवा बैलास शिकविण्याची सर्वत्र चालत आलेली रीत म्हणजे दाब आणि सुटका. लगाम ओढला कीं जबड्यावर दाब येतो, घोडा थांबला कीं दाब सुटतो. वेसणीचें तसेंच. दाब सुटावा म्हणून जनावर सांगितलेलें करूं लागतें. आणि एकदां शिकल्यावर प्रत्यक्ष दाबाची गरज उरत नाहीं, त्याची आठवणहि पुरते. दाब हलका असेल व सुटका तत्काळ मिळत असेल, तर हें शिक्षण क्रूर म्हणतां येणार नाहीं. बैलास कामाला लावावयाचें तर तें अपरिहार्यच आहे. पण हातांत पराणी दिसत नाहीं, एवढ्यावरून बैल आपखुषीनें पळतो असा निकाल देणारा प्रेक्षक चुकतो. पराणी घरीं, सरावाच्या वेळीं चाललेली असूं शकते.

मग खुशी ओळखावयाची कशी? जनावर पळतें कीं नाहीं ह्यावरून ती ओळखतां येणार नाहीं. कारण आनंदानेंहि पळतां येतें, संवयीनेंहि पळतां येतें आणि भयानें तर सर्वांत जोरानें पळतां येतें. खुशीची कसोटी पळण्यांत नाहीं, ती थांबण्याच्या मुभेंत आहे. ज्यास 'नाहीं' म्हणतां येतें, आणि तसें म्हटल्याबद्दल ज्यास शासन होत नाहीं, त्याच्याच 'होय' ला कांहीं अर्थ असतो. माणसांच्या व्यवहारांत हें तत्त्व सर्वांस मान्य आहे. जनावरांच्या बाबतींत तें लागू करतां येणार नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं. नॉर्वेंतील संशोधकांनीं २३ घोड्यांस तीन चिन्हें शिकविलीं: एक झूल घालण्याचें, दुसरें झूल काढण्याचें, तिसरें आहे तसेंच राहूं देण्याचें. दोन आठवड्यांच्या आंत सर्व घोडे तें शिकले. थंड पावसाळी दिवशीं ते झूल मागत, आणि उबेच्या दिवशीं काढावयास सांगत. हा प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. विचारणारा भेटला, तर मुकें म्हटलेलें जनावरहि उत्तर देतें, असा त्याचा बोध आहे.

ही कसोटी घेऊन झुंजीकडे पाहूं गेल्यास प्रथमदर्शनीं घोंटाळा होतो. सिंधुदुर्गाच्या दक्षिणेकडील तालुक्यांत आणि लगतच्या गोव्यांत बैलांच्या झुंजीचें वेड जुनें आहे. गोव्यांत तीस धिरयो म्हणतात. तिचे समर्थक म्हणतात, येथें ना गाडा ना जूं; दोन मोकळे बैल आपणहून भिडतात, आणि हरणारा पाठ फिरवून पळाला कीं झुंज संपते. मग येथें मुभा नाहीं असें कसें म्हणावें? ह्याचें उत्तर असें, कीं रानांत किंवा कुरणांत दोन बैल समोरासमोर आले, तर बहुधा डोकें खालीं घालून, माती उकरून, आडवें उभें राहून आपापलें बळ दाखवितात, आणि दुबळा वेळींच बाजूला होतो. रक्त सांडण्यापूर्वीं माघार घेतां यावी, म्हणूनच निसर्गानें ह्या खुणा दिल्या आहेत. मैदानावर माणूस हीच सोय काढून घेतो. दोर धरून बैल एकमेकांच्या अंगावर आणले जातात, आणि भोंवतीं गर्दीचें कडें उभें असतें. माघारीचा रस्ता आधीं बंद करावयाचा, आणि मग भिडले ते स्वेच्छेनें भिडले असें म्हणावयाचें, हा न्याय नव्हे. १९६० च्या प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायद्यानें जनावरांस झुंजीस चिथावणें हा गुन्हा ठरविला. १९९० च्या दशकांत मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील खंडपीठानें धिरयोवर बंदी घातली. आणि २०१७ ची सवलत गाड्यांच्या शर्यतीपुरती आहे, झुंजीस ती नाहीं. तरीहि झुंजी अधूनमधून होतात, हें वृत्तपत्रांवरून सर्वांस ठाऊक आहे.

आतां ह्या वादांतील सर्वांत गंभीर मुद्दा. मालक शेवटीं असें म्हणतो, कीं शर्यत बंद केलीत तर बैलच नाहींसा होईल. हें म्हणणें झटकून टाकण्यासारखें नाहीं. पॉवर टिलर आल्यापासून कोंकणांत जोताचे बैल झपाट्यानें कमी झाले आहेत. बैलाची कत्तल राज्यांत २०१५ पासून कायद्यानें बंद आहे; पण कत्तल थांबविणें म्हणजे पोसणें नव्हे. वर्षभर पेंढा घालावा आणि आषाढांत चार दिवसहि काम नसावें, असा बैल कोणता गरीब कुळवाडी ठेवील? चढाओढीच्या ईर्षेनें का होईना, कांहीं गोठ्यांत बैल टिकून आहेत, ही वस्तुस्थिति आहे.

पण हाच मुद्दा मालकावर एक जबाबदारीहि टाकतो. शर्यत बैलाच्या रक्षणासाठीं असेल, तर ती बैलास सोसवेल अशीच असली पाहिजे. ह्या दृष्टीनें नांगरणीची स्पर्धा सर्वांत जवळची वाटते. काम ओळखीचें, जोडीदार ओळखीचा, मागें असलेला माणूस ओळखीचा आणि पायांखालीं मऊ चिखल. तींतहि घड्याळाऐवजीं सरळ तास, शांत जोडी आणि अंगावर एकहि वळ नसणें ह्यांस गुण द्यावे. ज्या बैलाच्या पुठ्ठ्यावर टोंचल्याची खूण दिसेल त्याची जोडी बाद करावी. आणि जी जोडी अडून बसेल ती न मारतां बाहेर काढण्याची मालकास मोकळीक असावी, त्यांत कमीपणा मानूं नये. पैजेचा पैसा जेथें शिरतो तेथें ही मोकळीक प्रथम मरते. म्हणून पैज कटाक्षानें दूर ठेवावी.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबें सुटींत गांवीं येतात, मुलांस घेऊन अशा स्पर्धा पाहतात. त्यांनाहि ह्यांत कर्तव्य आहे. बैलाच्या डोळ्यांतील पांढरा भाग फार दिसूं लागला आहे काय, जीभ बाहेर लोंबत आहे काय, शेपटी पिरगळली जात आहे काय, हें मुलांस पाहावयास शिकवावें. आणखी एक साधी खूण गोठ्यांत पाहावयास मिळते. जूं पुढें केल्यावर बैल आपली मान खालीं आणतो, कीं मागें सरतो? संवयीचा भाग त्यांतहि असतो. तरी मैदानावरील धांवेपेक्षां ही खूण अधिक खरें बोलते.

बैल खुशीनें पळतो कीं सक्तीनें, ह्यास सर्व मैदानांना लागू पडेल असें एक उत्तर नाहीं. पळण्याची शक्ति निसर्गानें दिलेली असते, वळण शिकवणुकीनें लागतें, आणि थांबण्याची मुभा मात्र सर्वस्वीं माणसाच्या हातांत असते. ती मुभा देणाऱ्या मालकाची जोडी मधेंच थांबली, आणि हात न उगारतां त्यानें जूं उतरविलें, तर पहिल्या आलेल्या जोडीइतकीच टाळी प्रेक्षकांनीं त्यासहि द्यावी.