गर्भस्थ जीव आणि घरातील धूर

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जैन घराच्या स्वयंपाकघराची शिस्त सर्वश्रुत आहे. पाणी गाळल्याशिवाय माठात जात नाही. धान्य निवडताना, भाजी चिरताना डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवाचाही विचार होतो. घरातील सून गर्भवती झाली की ही दक्षता दुणावते. तिने काय खावे, काय वर्ज्य करावे, कोणत्या कुशीवर झोपावे, कोणते स्तोत्र ऐकावे, याची काळजी सारे घर वाहते. मात्र तीच गर्भवती दिवसभरात वीस हजारांच्या आसपास श्वास घेते आणि त्या श्वासात काय मिसळलेले आहे, याची चौकशी क्वचितच होते. पाण्यासाठी दुपदरी फडके आहे. श्वासासाठी तसे फडके कोणत्याही घरात नाही.

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते. त्यातील एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून भगवान महावीर गर्भातच निश्चल झाले. गर्भाला काही अपाय झाला की काय, या शंकेने त्रिशलामाता शोकाकुल झाली. ते जाणून भगवंतांनी किंचित हालचाल केली आणि मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा निश्चय केला. गर्भस्थ जीव मातेची एवढी काळजी घेतो, अशी श्रद्धा ज्या समाजात शतकानुशतके जपली गेली, त्या समाजाने त्या जिवाची काळजी कशी घ्यावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्या माणसाच्या मुखातून बाहेर पडणारा धूर आणि तिच्या जळत्या टोकातून अखंड निघणारा धूर, हे दोन्ही मिळून शेजारच्या व्यक्तीच्या फुप्फुसात जातात. यास अप्रत्यक्ष धूम्रपान म्हणतात. खोलीत साचणाऱ्या धुरात मोठा वाटा जळत्या टोकाचा असतो आणि तो मंद आचेवर निर्माण होत असल्याने अधिक विषारी असतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये आढळली असून त्यांतील किमान ६९ कर्करोगास कारणीभूत ठरतात.

या द्रव्यांपैकी दोन गर्भाच्या दृष्टीने विशेष घातक आहेत. पहिला कार्बन मोनॉक्साइड वायू. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. परिणामी मातेच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि गर्भाच्या रक्तात तर या वायूचे प्रमाण मातेहूनही अधिक साचते. दुसरे द्रव्य निकोटिन. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि वारेतून सहज पार होऊन गर्भापर्यंत पोहोचते. ज्या नाळेतून जीवन यायचे, त्याच नाळेतून विषही येते.

याचा पुरावा बालकाच्या जावळात सापडतो. १९९४ साली कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी नवजात बालकांचे केस तपासले. ज्या मातांनी स्वतः कधी धूम्रपान केले नाही, परंतु ज्या इतरांच्या धुरात वावरल्या, त्यांच्या बालकांच्या केसांतही निकोटिनपासून शरीरात तयार होणारे कोटिनिन अधिक प्रमाणात आढळले. जावळ काढण्याचा सोहळा आनंदाचा असतो. त्या कोवळ्या केसांत घरातील कोणाच्या तरी व्यसनाची नोंद झालेली असू शकते, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

परिणामांचा हिशोबही पाहू. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेले बालक कमी वजनाचे मानले जाते. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार धुराच्या सहवासातील मातांच्या बालकांचे वजन सरासरी ३३ ग्रॅम किंवा त्याहून अधिक घटले. तेहतीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. परंतु सरासरी हा फसवा आकडा असतो. जे बालक आधीच काठावर आहे, ते या घटीने काठाखाली जाते. म्हणूनच त्याच विश्लेषणात कमी वजनाच्या बालकाचा धोका २२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. २०११ च्या दुसऱ्या विश्लेषणात मृत बालक जन्मण्याचा धोका २३ टक्क्यांनी अधिक आढळला.

जन्मानंतरही धोका संपत नाही. प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, तर नवजात बालक ४० ते ६० वेळा. त्याची फुप्फुसे अजून घडत असतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने धुराचा संबंध अर्भकाच्या झोपेतील आकस्मिक मृत्यूशी, श्वसनमार्गाच्या संसर्गाशी आणि कानाच्या विकारांशी निश्चितपणे जोडला. या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही आणि खिडक्या उघडून किंवा पंखा लावून तो पूर्णपणे घालवता येत नाही, हेही त्या अहवालाने स्पष्ट केले.

काही गृहस्थ म्हणतात, "आम्ही गच्चीवर जाऊन ओढतो, घरात नाही." हे घरात ओढण्यापेक्षा नक्कीच बरे, पण पुरेसे नाही. कापड गंध कसा धरून ठेवते, हे कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धुराचे अंश सदऱ्यात, पडद्यात, गादीत मुरतात. २०१० साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवून दिले की, पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनचा हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग होऊन कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. त्याच सदऱ्याच्या खांद्यावर बालक मान टेकवते.

धूर नको म्हणून मिश्री किंवा तंबाखू जवळ करणे हाही मार्ग नव्हे. डॉ. प्रकाश गुप्ता व सहकाऱ्यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले.

कायद्याने आपले काम केले आहे. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी घातली. २००३ मध्ये संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू झाले. अशा कायद्यांचे फळ मिळते. उत्तर अमेरिका व युरोपातील ११ अभ्यासांचा, पंचवीस लाखांहून अधिक जन्मांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपानबंदीनंतर अकाली प्रसूतींचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. परंतु कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील ३८.७ टक्के प्रौढांना स्वतःच्या घरातच इतरांचा धूर सोसावा लागत असल्याचे आढळले.

येथे प्रश्न वैद्यकीय राहत नाही, तो घराच्या मर्यादेचा होतो. एकत्र कुटुंबात सासरे किंवा थोरले दीर दिवाणखान्यात सिगारेट पेटवतात. सून त्यांना काय सांगणार? ती पदर नाकाशी धरते आणि मुकाट्याने आतल्या खोलीत जाते. तिचे मौन म्हणजे संमती नव्हे. म्हणून तिच्या वतीने इतरांनी बोलले पाहिजे. सासूबाईंनी, पतीने, घरातील वडीलधाऱ्यांनी हा नियम घालावा. सर्वांत उत्तम म्हणजे सासऱ्यांनी तो स्वतःच घ्यावा. त्यात त्यांचा मान कमी होत नाही, उलट वाढतो.

शास्त्राची दृष्टी याविषयी स्पष्ट आहे. तत्त्वार्थसूत्राने प्रमादाने होणाऱ्या प्राणघातालाही हिंसाच म्हटले आहे. मारण्याचा हेतू नव्हता, एवढे सांगून सुटका होत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण व्रत आहे. ज्यातून कोणतेही प्रयोजन साधत नाही, अशी हिंसा टाळणे हा त्याचा आशय. व्यापारात जोखीम असते, पण तेथे लाभाची शक्यता तरी असते. धूम्रपानात लाभ शून्य आणि भरपाई मात्र ज्याने व्यवहारात भागच घेतला नाही, त्याच्याकडून वसूल होते. आचार्य तुलसींनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या अणुव्रत चळवळीनेही व्यसनमुक्तीला महत्त्वाचे स्थान दिले, ते उगीच नव्हे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने एक छोटे पच्चक्खाण घ्यावे. घरात, वाहनात आणि दुकानाच्या आतल्या बाजूस कोणीही, पाहुणाही, धूम्रपान करणार नाही. ज्या घरी गर्भवती आहे किंवा तान्हे बाळ आहे, तेथील पुरुषाने व्यसन पूर्णतः सोडण्याचा संकल्प करावा. ते एकट्याने जमत नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेवर मार्गदर्शन मिळते. डोहाळजेवणाच्या दिवशी ओटी भरताना सुनेला साडीबरोबर हे वचनही द्यावे. त्याला एक पैसाही खर्च नाही.

संवत्सरीच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. ज्यांच्याशी वर्षभर व्यवहार झाला, ते समोर उभे राहून क्षमा करतात. गर्भातील जीव मात्र समोर येऊ शकत नाही, तक्रार करू शकत नाही आणि क्षमाही करू शकत नाही. त्याच्या बाबतीत क्षमायाचनेपेक्षा यतना हाच खरा धर्म होय.

जय जिनेंद्र.