कागदावरचा आकडा आणि प्रश्नाच्या अटी



गेले चार दिवस या मांडवात आपण संतवाङ्मयावर ऐकलेत, शेतीच्या अर्थकारणावर ऐकलेत. काल संगीतावरचे व्याख्यान पाऊण तास अधिक चालले तरी कोणी जागचे उठले नाही. त्यानंतर आज एका निवृत्त हिशेबनिसाने उभे राहावे आणि व्यापारी अहवाल काढणाऱ्या संगणकप्रणालीत प्रश्नाच्या अटी कशा लावतात हे सांगू लागावे, म्हणजे मेजवानी झाल्यावर पाहुण्यांना स्वयंपाकघरातली खरकटी भांडी दाखवण्यातलाच प्रकार आहे. चिटणिसांना मी फोनवर विषय सांगितला तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, "लोकांना यात काय?" तेच आज सांगण्याचा विचार आहे. तुमची विजेची थकबाकी, पतपेढीतले कर्ज, दूध संघाचा हप्ता, मुलाची फी, यांविषयी कोठे ना कोठे कोणी तरी एक छापील कागद पुढे ठेवून काही तरी ठरवीत असतो. तो कागद ज्या प्रश्नाचे उत्तर असतो, तो प्रश्न मात्र कोणी वाचलेला नसतो.

आधी जुनी गोष्ट घेऊ. पेढीवरचा मालक दिवाणजींना विचारी, "दिवाणजी, चैत्रात उधारी किती झाली?" दिवाणजी लगेच आकडा सांगत नसत. चष्मा कपाळावर सरकवून ते उलट विचारीत, "परत आलेला माल वजा धरू का? मेहुण्यांचे खाते यात घ्यायचे का? पाडव्यापासून मोजू की एक तारखेपासून?" मालक चिडे, पण उत्तर देई, आणि मगच खतावणी उघडे. त्या उलटतपासणीत अर्धा हिशेब होऊन जात असे.

संगणक उलट प्रश्न विचारीत नाही. तुम्ही विचारावे आणि त्याने दोन पळांत आकडा पुढे टाकावा, हीच तर त्याची कीर्ती. पण म्हणून दिवाणजींचे प्रश्न नाहीसे झाले असे नव्हे. ते एका लहानशा खिडकीत आधीच लिहून ठेवलेले असतात, आणि त्यांची उत्तरेही कोणी तरी, बहुधा तुम्ही त्या खुर्चीवर येण्यापूर्वीच, भरून ठेवलेली असतात. या उत्तरांना तिकडे सेटिंग म्हणतात. आजचा माझा सारा विषय या एका खिडकीएवढा आहे.

ही व्यवस्था कशी आली ते थोडक्यात सांगतो. १९७० साली आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी असे मांडले की सारी माहिती ओळी आणि रकाने यांच्या साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि ती कोठे व कशी साठवली आहे याची काळजी विचारणाऱ्याने करू नये. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची एक भाषा रचली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर पसरली. भाषा सोपी होती म्हणतात. पण तेलाच्या व्यापाऱ्याने ती शिकावी एवढी सोपी खचित नव्हती. १९९० साली पॅरिसमध्ये बर्नार्ड लिओटो आणि डेनी पायेर यांनी 'बिझनेस ऑब्जेक्ट्स' नावाची कंपनी काढली. तिची युक्ती अशी, की कोष्टके आणि माणूस यांच्यामध्ये एक दुभाषा बसवायचा. विचारणाऱ्याने 'गिऱ्हाईक', 'महिना', 'विक्री' असे आपले नेहमीचे शब्द उचलून मांडावेत आणि एसक्यूएलचे वाक्य यंत्राने रचावे. २००७ साली जर्मनीच्या सॅप कंपनीने ही कंपनी विकत घेण्याचा करार केला. तिची 'वेब इंटेलिजन्स' ही प्रणाली मी कामापुरती शिकलो आहे, म्हणून उदाहरणे तिचीच घेतो. इतर प्रणालींत नावे बदलतात, प्रकार हाच असतो.

या प्रणालीत प्रश्न मांडताना तीन गोष्टी समोर येतात. काय हवे ते, कोणत्या गाळणीतून हवे ते, आणि तिसरी म्हणजे त्या प्रश्नाचे गुणधर्म. पहिल्या दोन सगळे पाहतात. तिसरीचे दार फारसे कोणी उघडीत नाही.

ते उघडले की आत एक कलम दिसते: जास्तीत जास्त किती ओळी आणाव्यात. समजा तेथे कोणी एक हजार लिहून ठेवले आहे आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर पाच हजार ओळींचे आहे. यंत्र एक हजार ठेवील, चार हजार टाकून देईल आणि उरलेल्यांची बेरीज मोठ्या ऐटीत खाली मांडील. आता कळीचा प्रश्न असा की ठेवलेल्या हजार कोणत्या? कॉडसाहेबांच्या कोष्टकात ओळींना मुळी क्रमच नाही. तुम्ही स्वतः क्रम मागितला नसेल तर ज्या आधी हाती लागतील त्या येतील. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण ती सुगरणीने ढवळलेल्या भाताची; आणि एका शितावरून भात शिजला की नाही हे कळते, किती जणांना पुरेल हे कळत नाही. अपुरी माहिती आल्याचा इशारा ही प्रणाली पडद्यावर देते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु कागद छापून साहेबांच्या टेबलावर गेला की तो इशारा मागे पडद्यावरच राहतो.

ओळींच्या या मर्यादेने काय होऊ शकते, याचा एक दाखला साऱ्या जगाने पाहिला आहे. तो या प्रणालीतला नव्हे, पण जात तीच. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाची साथ पुन्हा चढत होती. प्रयोगशाळांकडून आलेले निकाल तेव्हाची 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' ही संस्था एक्सेलच्या जुन्या धाटणीच्या फायलींत ओतून घेत असे. त्या जुन्या धाटणीत ६५,५३६ ओळी मावतात. सोळा वेळा दोन मांडून ते एकमेकांना गुणले की येणारी ही संख्या. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत, म्हणून एका फायलीत सुमारे चौदाशेच रुग्ण बसत. पुढचे रुग्ण फायलीबाहेर राहिले. यंत्र थांबले नाही, ओरडले नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ रुग्ण रोजच्या जाहीर आकड्यांतून गळाले. त्या रुग्णांना आपापला निकाल कळला होता. पण ते ज्यांच्याबरोबर बसले-उठले, जेवले, त्यांना शोधून सावध करणाऱ्या पथकांकडे त्यांची नावे वेळेवर पोचली नाहीत. म्हणजे पंधरा हजार घरांच्या भोवतालची माणसे काही दिवस बेसावध हिंडत राहिली. नव्या धाटणीची फाईल वापरली असती तर दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर ओळी मावल्या असत्या. अर्थात तीही मर्यादाच.

मग ही मर्यादा घालतात तरी कशाला? ती घालणारा माणूस दुष्ट नसतो. एखाद्या उत्साही गृहस्थाने दहा वर्षांची सारी विक्री एकदम मागितली तर उरलेल्या दोनशे माणसांची कामे खोळंबतात. वाड्यातल्या एकाने तोटी पूर्ण सोडली की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसेच. म्हणून व्यवस्थापक वरून एक कमाल ठरवून देतो, आणि तुम्ही तिच्यापेक्षा मोठा आकडा लिहिलात तरी चालते ती त्याचीच. वेळेची मर्यादाही अशीच असते. इतक्या मिनिटांत उत्तर आले नाही तर प्रश्न बंद. हे सारे योग्य आहे. फक्त तोटी किती सोडली आहे हे हंडा भरणाऱ्याला ठाऊक हवे.

आता मी माझ्याच एका चुकीकडे येतो. ती सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होतो; नाव सांगत नाही. आमच्याकडे माल वाहणारे बरेच ट्रकमालक होते. एका दिवाळीला साहेबांनी सांगितले, सगळ्या ट्रकमालकांची यादी द्या, मिठाईचे पुडे पाठवायचे आहेत. मी प्रश्न मांडला. एकेक नाव वीस-वीस वेळा आले. गुणधर्मांच्या खिडकीत एक खूण असते: सारख्या ओळी पुन्हा पुन्हा आणाव्यात का? ती मुळात लावलेलीच असते. मी ती काढली. एका नावाची एकच ओळ राहिली, यादी सुबक झाली, पुडे गेले. तो प्रश्न मी जपून ठेवला आणि पुढच्या महिन्यात, श्रम वाचवावेत म्हणून, त्यातच तारीख आणि भाडे हे दोन रकाने वाढवून वाहतुकीचा अहवाल काढला. काढलेली खूण काढलेलीच होती.

आमच्या एका ट्रकमालकांना सारे आप्पा म्हणत. त्यांच्या बिलात तेवीस खेपा होत्या, माझ्या अहवालात एकोणीस. ज्या चार दिवशी त्यांनी दोन-दोन खेपा केल्या होत्या, त्या दिवशीच्या दोन्ही ओळींत गाडी तीच, तारीख तीच, भाडे तेच २,४०० रुपये. यंत्राच्या दृष्टीने त्या सारख्या ओळी. त्यातली एक त्याने टाकून दिली. भाड्याचा रकाना आमच्याकडे बेरीज करण्याजोगा आकडा म्हणून नव्हे, तर नुसता तपशील म्हणून बांधलेला होता. नाही तर यंत्राने त्या आपण होऊन मिळवल्या असत्या. जुळी मुले दिसायला सारखी असली तरी शिधापत्रिकेवर ती दोन असतात, एवढे दिवाणजींना कळले असते.

चार खेपा जास्त लावल्या, म्हणजे ९,६०० रुपयांची लबाडी, असा अर्थ निघाला. बिल अडकले. आप्पांना लेखी खुलासा मागितला. ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "साहेब, माझ्या दोन खेपा आहेत. गेटवरचे शिक्के आहेत. तुमच्या मशीनमध्ये एकच कशी?" मी मान वर न करता म्हणालो, "आप्पा, मशीन चुकत नाही." हे वाक्य मी उच्चारले याची मला आजही लाज वाटते, कारण ते खरे होते. मशीनने मी सांगितले तेच केले होते. दोन महिने त्यांचे पैसे थांबले, गाडीचा हप्ता त्यांनी बाहेरून उसने घेऊन भरला, आणि कारखान्याच्या फाटकावर चार माणसांत त्यांच्याविषयी बोलले गेले ते वेगळेच. शेवटी ते चिठ्ठ्यांचे पुडके घेऊन आले. मी चलनांचे क्रमांक एकेक ताडून पाहिले आणि माझे मला कळले. प्रश्नात चलन क्रमांक हा एक रकाना घेतला असता तर कोणतीही दोन ओळी सारख्या झाल्या नसत्या.

सारख्या ओळी काढून टाकणे वाईट असे मात्र समजू नका. 'आपली गिऱ्हाइके किती गावांतून येतात?' याला तेच उत्तर बरोबर. 'किती वेळा येतात?' याला तेच चूक. खूण एकच, प्रश्न बदलला की तिची नीती बदलते.

आणखी एक गंमत, वेळ थोडा आहे म्हणून धावती सांगतो. जे घडले नाही ते अहवालात बहुधा येतच नाही. गिऱ्हाइकांची यादी आणि विक्रीची नोंद यांची सांगड साध्या रीतीने घातली, तर ज्याने काहीच घेतले नाही तो गिऱ्हाईक यादीतून पुसला जातो. वर्षभर ज्या गावी एक पेटी गेली नाही, ते गाव शून्य म्हणूनसुद्धा दिसत नाही. दुकानदाराला तर नेमके तेच गाव पाहायचे असते. त्यासाठी सांगड घालतानाच सांगावे लागते की विक्री असो वा नसो, नाव ठेवा. आणि मग त्या रिकाम्या जागी शून्य लिहायचे का, हा निराळा प्रश्न. ज्या आरोग्यकेंद्राने या आठवड्यात रुग्ण नाहीत असे कळवले ते, आणि ज्याने काहीच कळवले नाही ते, या दोहोंपुढे शून्य लिहिले तर दुसऱ्या गावी जायला हवे होते हे कोणाला कधी समजावे? असो.

आपल्यापैकी जे कचेऱ्यांत आहेत त्यांनी एवढे करून पाहावे. वेब इंटेलिजन्समध्ये प्रश्नाचा सारांश अहवालावरच छापण्याची सोय आहे. अशा बहुतेक प्रणालींत कोणत्या ना कोणत्या रूपाने ती असते. आप्पांच्या प्रकरणानंतर माझ्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी मी चार ओळी छापू लागलो: कोणत्या तारखेला काढला, किती ओळी आल्या, मर्यादा किती होती, सारख्या ओळी ठेवल्या की काढल्या. साहेब म्हणाले, कागद गचाळ दिसतो. मी तसाच देत राहिलो. आणि जे कचेरीत नाहीत, ज्यांच्याविषयी कागद निघतात, त्यांनी "यंत्रातून आले आहे" या उत्तरावर परत फिरू नये. "कोणत्या अटी लावून काढले?" असे शांतपणे विचारावे. समोरचा गृहस्थ गोंधळेल. मीही गोंधळलो असतो.

आप्पांचे पैसे पूर्ण मिळाले. खुलाशाचे पत्र परत घेतल्याचे मीच लिहून दिले आणि त्यांच्या घरी जाऊन चूक माझी होती हे सांगितले. त्यांनी चहा दिला. फारसे बोलले नाहीत. पुढे सात-आठ वर्षे त्यांची गाडी आमच्याकडे चालली. दर महिन्याला बिलावर सही करण्यापूर्वी ते अहवालाचा कागद उलटा करून तळाच्या त्या चार ओळी बोटाने वाचीत आणि मला विचारीत, "साहेब, सारख्या ओळी ठेवल्यात ना?"