ॲव्हरेज: कशाला कशानं भागलं?



पत्रिकेवर विषय छापलाय ‘गणितातले इंग्रजी शब्द’. हे अनेकवचन संयोजकांचं. मी एकाच शब्दावर बोलणार आहे, आणि तेही मघाशी त्यांना सांगून टाकलं, त्यामुळे ते जरा गंभीर दिसताहेत. शब्द आहे ॲव्हरेज. या शब्दावर मी आयुष्यभर पोट भरलं. माझा धंदाच ॲव्हरेज ॲडजस्टरचा. लग्न ठरवायच्या वेळी मुलीच्या काकांनी विचारलं, ‘मुलगा काय करतो?’ आमच्या वडिलांनी अभिमानानं हुद्दा सांगितला. काका थोडे थांबले आणि म्हणाले, ‘म्हणजे बेताचाच आहे, पण जमवून घेईल.’ (हशा) हसू नका. या धंद्याची लंडनमध्ये १८६९ पासून संघटना आहे.

आता तुमच्या तोंडचा ॲव्हरेज घ्या. ‘गाडी किती ॲव्हरेज देते?’ ‘मुलगा ॲव्हरेज आहे.’ ‘पिक्चर ॲव्हरेज निघाला.’ शिकलेली मंडळी पहिल्या वाक्याला हसतात. मी म्हणतो, या तिघांत तेवढंच वाक्य शुद्ध! कारण कशाला कशानं भागलं हे त्यात स्वच्छ आहे: किलोमीटरला लिटरनं. मुलाच्या बाबतीत काय भागलं? कुणात वाटलं? माझं म्हणणं एवढंच आहे की हा शब्द वाटणीचा आहे, दर्जाचा नव्हे. वाटणी कुठे झाली ते दाखवता येत नसेल, तर शब्द वापरू नये.

तो आला बंदरातून. बहुतेक कोशकार त्याचा माग इटालियन ‘अवारिया’वरून अरबी ‘अवार’पर्यंत नेतात. अर्थ, मालाची खराबी, नुकसान. असं नुकसान वाटून घेण्याचा ऱ्होड्स बेटाचा कायदा, तो रोमन सम्राट जस्टिनियनच्या संहितेत कसा आला, हे सगळं इथल्या प्राध्यापक मंडळींना पाठ असेल, म्हणून सोडतो. हिशोब तेवढा करू. जहाज साठ लाखांचं. त्यावर एका व्यापाऱ्याचा तीस लाखांचा माल, दुसऱ्याचा दहा लाखांचा. वादळ आलं, जहाज हलकं करायला कप्तानानं दुसऱ्याचा सगळा माल समुद्रात फेकला, बाकी सगळं वाचलं. एकूण शंभर लाख पणाला लागले होते, दहा गेले. म्हणजे दहा टक्के. जहाजवाल्यानं सहा लाख द्यायचे, पहिल्या व्यापाऱ्यानं तीन.

(श्रोत्यांतून: ‘आणि दहावा लाख?’)

दहावा लाख ज्याचा माल बुडाला त्याचाच! होय, त्यालाही वाटा आहे. तुम्ही चिडलात ते दिसतंय, पण विचार करा. त्याला पूर्ण दहा दिले, तर बाकीच्यांनी अकरा-अकरा टक्क्यांवर सोसले आणि त्यानं शून्य. वाटणी कुठे राहिली? याला म्हणतात जनरल ॲव्हरेज, आणि ही वाटणी करून देणं हाच माझा धंदा. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात तो आहे, जगभर त्याचा हिशोब यॉर्क-अँटवर्प नियमांनी होतो. आणि नुकसान सगळ्यांसाठी मुद्दाम केलेलं नसेल, पाणी शिरून एकाचाच माल भिजला, तर ते पर्टिक्युलर ॲव्हरेज: ज्याचं त्यानं सोसायचं. तिथे भागाकार नाही, तरी शब्द तोच. त्यावरूनच कळतं की मुळात हा शब्द नुकसानीचा. भागाकार मागाहून चिकटला, आणि नुसत्या आकड्यांच्या मध्याला इंग्रज ॲव्हरेज म्हणू लागले ते अठराव्या शतकात.

हे जुनं झालं असं म्हणाल. २३ मार्च २०२१ ला ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, तो छोटा जेसीबीसुद्धा. २९ तारखेला ते सुटलं आणि बातम्या संपल्या. आमचं काम तेव्हा सुरू होतं! एप्रिलमध्ये मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. जहाजावर अठरा हजारांवर कंटेनर. कुणाचे कपडे, कुणाचं फर्निचर, माल धडधाकट. तरी आपला कंटेनर सोडवायचा तर आधी सोडवणुकीच्या खर्चातल्या वाट्याची हमी लिहून द्या. ज्यांचा विमा होता त्यांच्या कंपनीनं सही केली. ज्यांनी चार पैसे वाचवले होते ते... (हशा) हसणाऱ्यांत दुकानदार किती? तुमच्यासाठी हे घरच्या दारात आणतो. दुकानात दहा लाखांचा माल, विमा काढला पाचाचा. आग लागली, दोन लाखांचा माल जळाला. किती मिळतील? दोन? एक! पॉलिसीत ‘ॲव्हरेज क्लॉज’ म्हणून एक ओळ असते. न उतरवलेल्या पाच लाखांची विमा कंपनी तुम्ही स्वतः, म्हणून अर्धं नुकसान तुमच्या वाट्याला.

(मागच्या रांगेतून: ‘ती ओळ कुणी वाचून दाखवत नाही!’)

साहेब, मी विमा विकला नाही, मी फक्त वाटला. तुमचा राग योग्य आहे, पत्ता चुकलाय. (हशा, टाळ्या) पण बघा, क्लॉजमधला ॲव्हरेज म्हणजे ‘मध्यम’ असं समजून पुढे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. इंग्रजी येत होतं त्यांना. भागाकार कशाचा, ते मात्र विचारलं नाही.

क्रिकेटचं पटकन सांगतो. ब्रॅडमनचा ९९.९४ लहान मुलांनाही ठाऊक आहे. तो डावांनी भागून काढलेला नाही. ६,९९६ धावा, ८० डाव. भागून पाहा, ८७.४५ येतात. त्यातले दहा डाव नाबाद. भागलंय ते सत्तर वेळा बाद झाला त्यानं. म्हणजे तो आकडा ‘एका डावात किती’ हे सांगतच नाही, ‘एका विकेटची किंमत किती’ हे सांगतो. आणि पाऊस! हवामान खातं सांगतं सरासरीच्या अमुक टक्के. ही सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या मोसमी पावसाची, देशभराची, ८७ सेंटिमीटर. भागाकार सगळ्या देशावर झाला आणि आपण आपल्या माण-खटावच्या आभाळाकडे बघत बसतो. तिथे आंबोलीचा पाऊस कुणी वाटून देत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं? बरं, तीन.

मग ज्यासाठी मी खरं तर आलो ते धावत सांगतो. आपल्याकडे हे ॲव्हरेज काढणं होतं का? होतं, आणि माझ्या मताला ते जरा अडचणीचंच आहे, कारण त्यात नुकसान नाही, वाटणीही दिसत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० च्या, एक वाकडातिकडा खड्डा आहे. लांबी तीन ठिकाणी मोजली तर १०, ११, १२ हात. रुंदी ५, ६, ७. खोली २, ३, ४. प्रत्येकाचा मध्य घ्या: ११, ६, ३. गुणाकार १९८ घनहात. या मध्याला त्यांचा शब्द ‘सममिति’, त्यांच्याआधी ब्रह्मगुप्तांचा ‘समरज्जु’. आता आपल्या कोकणातले, नांदगावचे गणेश दैवज्ञ. ‘ग्रहलाघव’ त्यांचंच, पंचांगवाल्यांना सांगायला नको. १५४५ मध्ये लीलावतीवर टीका लिहिताना ते म्हणतात की जितक्या जास्त ठिकाणी मोजाल, तितकी सममिति खऱ्याच्या जवळ जाईल.

वाटणी नाही म्हणता? इथेही आहे, हट्टानं सांगतो. खोल जागेची माती उथळ जागेच्या हिशोबात गेली म्हणूनच तळ सपाट धरता आला. (‘ओढूनताणून!’) असेल ओढूनताणून, पण...

घंटा झाली. एक गणित देऊन बसतो. स्कूटरनं घाट चढताना साठ किलोमीटरला तीसचं ॲव्हरेज, उतरताना त्याच साठ किलोमीटरला साठचं. दोन्ही मिळून किती? पंचेचाळीस म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बरेच आहेत. पेट्रोल मोजा: चढताना दोन लिटर, उतरताना एक. एकशेवीस भागिले तीन. वाद घालायचा असेल त्यांनी चहाला थांबा, मला शेवटच्या गाडीनं जायचंय.