निवड : घरातली आणि निसर्गातली



विज्ञान मराठीतून शिकवताना ‘निवड’ या शब्दापाशी मी नेहमी थांबतो. ‘नैसर्गिक निवड’ म्हटले की विद्यार्थ्यांना स्पर्धा आणि पहिला क्रमांक आठवतो. घरात आपण तांदूळ निवडतो, तेव्हा मात्र उत्तम दाणा शोधत नसतो. खडे काढत असतो. सस्तन प्राण्यांतील एक वारसा समजावताना मला हा घरचा अर्थच जवळचा वाटतो.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. माणसात त्यात 16,569 अक्षरजोड्या आणि 37 जनुके असतात. तो आईकडून येतो. शुक्रपेशीबरोबर आलेल्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट होतात. पक्व स्त्रीबीजात या डीएनएच्या लाखाहून अधिक प्रती असू शकतात, आणि त्या सगळ्या सारख्याच असतील असे नाही.

पुढच्या पिढीची स्त्रीबीजे ज्या पेशींपासून घडतात, त्यांत सुरुवातीला या प्रती फारच थोड्या असतात. पोत्यातून मूठभर दाणे घ्यावेत, तसे हे. कोणाच्या मुठीत किती खडे येतील, हा योगायोग. म्हणून सख्ख्या बहिणींतही सदोष प्रतींचे प्रमाण वेगळे असू शकते. होल्स्टीन गाईंच्या एका वंशात असे बदल मोजक्या पिढ्यांत घडल्याचे फ्लोरिडातील संशोधकांनी 1982 साली दाखवले.

मुठीनंतर येते निवडणे. अमेरिकेत डग्लस वॉलेस यांच्या गटाने 2008 साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. माद्यांत एक तीव्र आणि एक सौम्य दोष होता. तीव्र दोष चार पिढ्यांत नाहीसा झाला. सौम्य टिकून राहिला. मोठा खडा दिसतो, बारीक कणी सुटते.

सुटलेल्या कणीची किंमत माणसाला मोजावी लागते. लेबर यांच्या नावाने ओळखला जाणारा दृष्टिनाशाचा आनुवंशिक विकार या डीएनएतील बदलाशी जोडलेला आहे, हे 1988 साली वॉलेस आणि सहकाऱ्यांनीच दाखवले. बदल असलेल्या सर्वांची दृष्टी जात नाही. ज्यांची जाते त्यांत पुरुष अधिक. पण पुरुष हा डीएनए पुढे देत नाही, त्यामुळे त्याचे नुकसान या निवडीच्या हिशेबात थेट येत नाही.

येथे भाषेची जबाबदारी सुरू होते. ‘आईमुळे झालेला आजार’ आणि ‘आईकडून आलेला बदल’ यांत एका प्रत्ययाचेच अंतर आहे. ‘मुळे’ दोष देतो, ‘कडून’ वाट सांगतो. मूठ भरणे आईच्या हाती नव्हते, निवडणेही नव्हते. तिलाही तो बदल बहुधा तिच्या आईकडूनच आला होता. ज्या समाजात अपत्याच्या व्यंगाचा ठपका बाईवर सहज ठेवला जातो, तेथे शिक्षकाने आणि लेखकाने हा प्रत्यय जपून वापरावा, एवढीच माझी विनंती आहे.